बाळाला ऑफिसात नेलं तर चालेल का?

रजा संपत आली की घरोघर हा प्रश्न निघतो. सासूबाईंचे गुडघे साथ देत नाहीत, माहेर कोल्हापूरला, पाळणाघरात ठेवायला मन धजत नाही आणि ऑफिसकडून ‘कधी रुजू होताय?’ अशी मेल येऊन पडलेली असते. मग कुणीतरी म्हणतं, ‘थोडे दिवस बाळाला ऑफिसातच ने ना! ती न्यूझीलंडची पंतप्रधान नाही का थेट संयुक्त राष्ट्रांत घेऊन गेली होती?’

जेसिंडा आर्डर्न सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन न्यूयॉर्कला आमसभेत खरोखरच गेल्या होत्या. आपल्याकडे देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या. दोघींचेही फोटो गाजले. अंधेरीत नोकरी करणाऱ्या बाईला मात्र त्या फोटोंतून उत्तर मिळत नाही. दोघींपैकी कुणालाच ८.४७ ची बोरिवली–चर्चगेट पकडायची नव्हती.

बाळाला कामावर नेता येईल का, हे तीन गोष्टींवर ठरतं. बाळ किती महिन्यांचं आहे, काम कसलं आहे, आणि घर ते काम हे अंतर किती आहे. एरवीच्या चर्चेत पहिल्या दोन गोष्टी येतात. मुंबईच्या उपनगरांत तिसरी गोष्ट या दोन्हींना पुरून उरते.

१. रजेचा हिशेब

आधी रजेपासून सुरुवात करू, कारण बाळ किती महिन्यांचं असताना हा प्रश्न उभा राहतो ते रजेवर ठरतं.

प्रसूती लाभाचा केंद्रीय कायदा १९६१ चा. १ एप्रिल २०१७ पासून त्यातली भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. दोन मुलं आधीच असतील, तर रजा १२ आठवड्यांचीच. बाईने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या वर्षभरात त्या ठिकाणी किमान ८० दिवस काम केलेलं असावं, ही मुख्य अट. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. रजेचे आठवडे तेवढेच राहिले आहेत.

२६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सहा महिनेही साधारण तेवढेच. कागदावर दोन्ही आकडे जुळतात. पण या २६ पैकी ८ आठवड्यांपर्यंतची रजा बाळंतपणाआधी घेता येते आणि लोकलच्या गर्दीत पोट सांभाळत जाणाऱ्या बऱ्याच जणींना ती घ्यावी लागते. समजा, मुलुंडच्या एकीने ४ आठवडे आधी घेतले. उरले २२. ती कामावर जाईल तेव्हा बाळ पाच महिन्यांचं असेल. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली म्हणून दुसरीने पूर्ण ८ घेतले, तर उरले १८. तिचं बाळ जेमतेम चार महिन्यांचं होतं न होतं तोच तिला पंच करायला जावं लागेल.

म्हणजे ऑफिसात न्यायच्या वेळी आपलं बाळ चार ते सहा महिन्यांचं असतं. कुशीवर वळायला लागलेलं, रांगायला अजून न लागलेलं आणि दर दोन-तीन तासांनी आईच लागणारं.

२. बाळ कामावर जातच होतं

हा प्रश्न नवा वाटतो, कारण तो आता वातानुकूलित ऑफिसांत पोचला आहे. कष्टकरी बायका बाळाला कामावर नेतच आल्या आहेत. बाजारात टोपलीमागे झोपलेलं बाळ, बांधकामावर दोन बांबूंना बांधलेली साडीची झोळी, हे आपण इतकं पाहिलं आहे की पाहणं बंद केलं आहे.

मुंबईच्या गिरण्यांत बाळाला नेता येत नसे, आणि त्याचा एक उपाय भयंकर होता. गिरणीत जाणाऱ्या आया बाळाला अफूची गोळी देत. बाळागोळी म्हणून ती उघड विकली जाई. बाळ दिवसभर गुंगीत पडून राही. डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणांची पाहणी करून १९२२ मध्ये जो अहवाल दिला, त्यात ही चाल किती सर्रास होती ते नोंदलं आहे. त्या आयांना कुणी निष्ठुर म्हणू नये. दहा तासांची पाळी, बंद फाटक आणि चाळीतल्या खोलीत एकटं बाळ, यातून त्यांनी काढलेली ती वाट होती.

मुंबई कायदेमंडळात आर. एस. असवले यांनी प्रसूती लाभाचं विधेयक आणलं आणि जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. देशातला अशा तऱ्हेचा तो पहिला कायदा. बाबासाहेबांच्या त्या भाषणातला एक मुद्दा पुढे पैशांच्या हिशेबात लागणार आहे, तो तेव्हा पाहू.

बांधकामाकडे लक्ष जायला आणखी चाळीस वर्षं लागली. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केलं. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली आणि १९७२ मध्ये मुंबईत आली. रीत साधी होती. बिल्डरने साइटवर जागा, पाणी आणि वीज द्यायची, संस्थेने शिकवलेल्या बायका बाळं सांभाळणार. इमारत पूर्ण झाली, मजूर हलले की पाळणाघरही हलणार. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या बांधकामावर पाळणाघर सक्तीचं केलं. १९४८ च्या कारखाने कायद्यातही पाळणाघर होतंच. आज कांदिवलीत किंवा मुलुंडला टॉवर उभा राहताना दिसला, तर वॉचमनला विचारून पाहा, इथे मुलांसाठी खोली कुठे आहे.

३. टेबलाशेजारी पाळणा

आता थेट प्रश्नाकडे वळू. आपल्या खुर्चीशेजारी बाळाला ठेवून काम करता येतं का?

भारतातला कायदा असा हक्क देत नाही. तो पाळणाघर देतो, दूध पाजायला सुट्टी देतो. बाळ टेबलापाशी ठेवण्याबाबत गप्प आहे. म्हणजे मालकाने हो म्हटलं तर हो. परदेशात काही ठिकाणी याची रीतसर योजना आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोना आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या आरोग्य खात्यांत कर्मचारी आपलं तान्हं बाळ कामावर आणू शकतात. अशा योजनांचे नियम पाहिले की काय जमतं आणि काय नाही ते कळतं. बाळ साधारण सहा महिन्यांचं होईपर्यंत किंवा रांगू लागेपर्यंतच ही मुभा असते. आई मीटिंगमध्ये असताना बाळाला घेणाऱ्या दोन सहकाऱ्यांची नावं आधीच लिहून द्यायची असतात. बाळ शांत होईना, तर त्याला घेऊन बाहेर जायचं. आणि साहेबाला पटलं नाही, तर मुभा काढून घेता येते.

वयाची अट महत्त्वाची आहे. चार महिन्यांचं बाळ बरंच झोपतं, दूध पितं, मांडीवर रमतं. आठ-नऊ महिन्यांचं बाळ टेबलाखालची वायर तोंडात घालतं. म्हणून हा उपाय फार तर दोन-तीन महिन्यांचा आहे.

कामाचं म्हणाल, तर स्वतःचा दवाखाना, शिवणाचं दुकान, घरगुती क्लास, चार माणसांचं सीएचं ऑफिस, अशा ठिकाणी जमून जातं आणि उपनगरांत अनेक जणी ते गाजावाजा न करता करतात. कॉल सेंटर, प्रयोगशाळा, कारखान्याची लाइन, इस्पितळाचा वॉर्ड, बँकेचं काउंटर इथे जमत नाही. सीप्झमध्ये दागिन्यांना पॉलिश करणाऱ्या बाईच्या शेजारी बाळ असावं, असं कुणीच म्हणणार नाही.

आणि घरून काम? २०१७ च्या दुरुस्तीने रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल, तर मालक आणि बाई यांच्या संमतीने घरून काम करायची सोय मान्य केली. जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, हा तिचा खरा फायदा. पण घरून काम म्हणजे बाळाची सोय झाली, असं समजणारे साहेब आणि सासरे दोघेही चुकतात. घरी असलेल्या आईलाही बाळ धरायला दुसरं कुणीतरी लागतंच.

४. कायद्यातलं पाळणाघर

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक आहे. हा नियम १ जुलै २०१७ पासून आहे. इथे दोन गोष्टी नीट वाचाव्यात. पन्नास ‘कर्मचारी’ म्हटलंय, पन्नास बायका नव्हे. ४५ पुरुष आणि ५ स्त्रिया असल्या तरी नियम लागतो. आणि आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊ द्यायचं आहे, तिची जेवणाची सुट्टी त्यातच धरून. त्याखेरीज बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत स्तनपानासाठी रोज दोन सुट्ट्या आहेतच.

पाळणाघर ऑफिसच्या आतच हवं असं नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत कामाच्या जागेपासून ५०० मीटरच्या आतलं पाळणाघर चालतं. नव्या संहितेने अनेक आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवायलाही परवानगी दिली आहे. मरोळच्या एमआयडीसीत एकेका इमारतीत वीस-वीस, तीस-तीस माणसांचे गाळे आहेत. एकट्या गाळ्याला कायदा लागतही नाही आणि परवडतही नाही, पण इमारतीने मिळून एक खोली काढली तर दहा बाळांची सोय होते. हे सुचायला संशोधन लागत नाही, सोसायटीच्या मीटिंगला बसलेल्या कुणालाही सुचेल. तरी असं पाळणाघर क्वचितच दिसतं.

खोली काढून पाटी लावली की काम संपलं, असंही होतं. सरोज अहिरे यांच्या नागपूरच्या फोटोनंतर विधानभवनात स्तनपानासाठी हिरकणी कक्ष झाला. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मुंबईला त्या बाळाला घेऊन आल्या, तेव्हा तिथल्या कक्षात धूळ आहे आणि सोयी नाहीत, अशी तक्रार त्यांना माध्यमांसमोर करावी लागली. आमदाराची ही गत, तर एसटी स्टँडवरच्या हिरकणी कक्षाचं कुलूप उघडून घ्यायला साध्या बाईला किती जणांना विचारावं लागत असेल, कल्पना करा.

उपनगरांत खरा भार उचलला आहे तो घरगुती पाळणाघरांनी. बोरिवली, मुलुंड, डोंबिवली या पट्ट्यात मध्यमवर्गी बायकांची एक अख्खी पिढी ‘पाळणाघरवाल्या काकूं’च्या जिवावर नोकरी करू शकली. दोन खोल्यांचा ब्लॉक, सहा-सात मुलं, वरणभात आणि दुपारची झोप. विश्वासावर चालणारा हा व्यवसाय. तो विश्वास नोव्हेंबर २०१६ मध्ये हादरला. खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली आणि सीसीटीव्हीतलं चित्रण सगळ्या राज्याने पाहिलं. तेव्हापासून पालक आधी कॅमेरा आहे का विचारतात. विचारावंच, पण कॅमेऱ्याने तिथे काय झालं ते नंतर दाखवलं, होताना थांबवलं नाही.

कॅमेऱ्याआधी हात मोजा. तान्ह्या बाळांसाठी एका बाईमागे चार बाळं ही माझ्या मते कमाल. त्यापुढे ती सांभाळत नाही, नुसती राखण करते. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान न सांगता जा. मुलं झोपलेली असतात, सांभाळणारी थकलेली असते आणि घराचं खरं रूप तेव्हा दिसतं. घरात आणखी कोण राहतं, काकू आजारी पडल्या तर कोण येतं, जवळचा बालरोगतज्ज्ञ किती मिनिटांवर आहे, हे विचारायला संकोच करू नका. चांगल्या काकूंना या प्रश्नांचा राग येत नाही.

५. घराजवळ की ऑफिसजवळ?

मुंबईत हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. आकडे मांडूनच पाहू.

बोरिवली पश्चिमेला घर, मरोळला ऑफिस. घरातून आठला निघायचं. रिक्षा, जिना आणि प्लॅटफॉर्म यांत वीस मिनिटं. जलद गाडीने अंधेरी वीसेक मिनिटं. अंधेरीच्या पुलावरून मेट्रोपर्यंत दहा, मेट्रोने मरोळ नाका दहा, पुढे चालत पंधरा. सव्वानऊ वाजले. साडेनऊ ते साडेसहा ऑफिस, तोच प्रवास उलटा, घरी पावणेआठ. पाळणाघर घराजवळ असेल, तर बाळ आईपासून पावणेबारा तास दूर. पाळणाघर ऑफिसच्या इमारतीत असेल, तर सव्वानऊ तास आणि त्यात चार भेटी. चार महिन्यांच्या बाळाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, कारण त्याच्या दुधाच्या दोन-तीन वेळा त्या भेटींत बसतात.

पण ऑफिसजवळच्या पाळणाघरात बाळाला रोज न्यावं लागतं, आणि तो प्रवास बाळालाही करावा लागतो. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली महिला विशेष गाडी सुरू केली. केवळ बायकांसाठीची जगातली पहिली उपनगरी गाडी म्हणून तिचा अभिमान बाळगला जातो आणि तो रास्त आहे. मात्र तीही बायकांच्या गर्दीने तितकीच भरते. सकाळच्या लोकलमध्ये बाळाला झोळीत छातीशी बांधून चढणं म्हणजे दोघांच्या जिवाशी खेळ. मला विचाराल तर सरळ ‘नको’ सांगेन.

मेट्रोने हे गणित थोडं बदललं आहे. घाटकोपर–अंधेरी–वर्सोवा मार्ग ८ जून २०१४ ला सुरू झाला, आणि दहिसरहून अंधेरीला येणारे दोन मार्ग जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण झाले. स्टेशनांवर लिफ्ट आहेत, दार बंद होऊनच गाडी सुटते, बाबागाडी आत जाते. बोरिवली पूर्वेला महामार्गाजवळ राहणारी आई आज बाळाला घेऊन गुंदवलीपर्यंत येऊ शकते, तिथून पुलाने घाटकोपर मार्गावर जाऊ शकते. ऑफिसने तिची वेळ दहा ते सात किंवा आठ ते पाच केली, तर गर्दीही टळते. मालकाला यात एक रुपयाही खर्च नाही. तरी वेळ बदलून द्यायला जितकी खळखळ होते तितकी पगारवाढीलाही होत नाही.

आता दुसरं उदाहरण. मुलुंडला घर, घाटकोपरला नोकरी. मध्य रेल्वेच्या धिम्या गाडीने मध्ये चारच स्टेशनं. अशा बाईने बाळाला प्रवास घडवायचं कारणच नाही. घराजवळचं पाळणाघर तिला सोयीचं, आजी-आजोबांनाही हाताशी. निरोप आला तर पाऊण तासात ती पोचू शकते.

आणि पोचता न येण्याचा दिवसही धरून ठेवावा लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या थांबल्या आणि हजारो माणसांनी रात्र ऑफिसात किंवा रस्त्यावर काढली. एवढा पाऊस रोज पडत नाही, पण दर पावसाळ्यात एखाद-दोन दिवस रुळांवर पाणी येतंच. म्हणून पाळणाघर कुठेही असो, तिथून पायी पोचेल असं एक माणूस ठरलेलं हवं. शेजारीण, मावशी, पाळणाघराच्याच बिल्डिंगमधली मैत्रीण, कुणीही. तिचं नाव काकूंकडे लिहून ठेवा.

आपण हिरकणीची गोष्ट मुलांना सांगतो ती कडा उतरल्याच्या कौतुकाने. तिची खरी अडचण मुंबईकर आईला पटकन कळेल. बाळ घरी, काम गडावर आणि दरवाजा बंद व्हायची वेळ आईच्या हातात नाही.

माझा कौल असा. बाळ आठ-नऊ महिन्यांचं होईपर्यंत आणि प्रवास मेट्रो, कंपनीची गाडी किंवा थोड्या अंतराची रिक्षा असेल, तर ऑफिसजवळ. लोकलशिवाय इलाज नसेल, किंवा बाळ वरचं खायला लागून रांगायला लागलं असेल, तर घराजवळ.

६. डब्यातलं दूध

घराजवळचं पाळणाघर निवडलं, की दुधाचा प्रश्न येतो. आईचं दूध काढून ठेवता येतं, हे अजून अनेक सासूबाईंना पटत नाही. ‘शिळं दूध पाजायचं?’ असा त्यांचा सवाल असतो. त्यांना शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचं उदाहरण सांगावं. तिथे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. आयांनी दान केलेलं दूध पाश्चरीकरण करून गोठवतात आणि ज्यांच्या आईला दूध देता येत नाही अशा नाजूक बाळांना देतात. आपल्याच बाळासाठी घरी काढलेल्या दुधाला पाश्चरीकरणाची गरज नसते.

नियम थोडे आहेत. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकतं. मे महिन्यातल्या घाटकोपरमध्ये खोलीत २५ अंश नसतात, म्हणून इथे काढल्या काढल्या फ्रिजमध्ये ठेवणं बरं. फ्रिजमध्ये चार दिवस, डीप फ्रीझरमध्ये सहा महिने. गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्या घातलेल्या इन्सुलेटेड बॅगेत चोवीस तास. गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करा, मायक्रोवेव्हमध्ये नको. बाळाने उष्टं केलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्या. डब्यावर तारीख लिहा.

ऑफिसात यासाठी कडी असलेली खोली, एक खुर्ची, एक प्लग आणि फ्रिजचा एक कप्पा लागतो. इतकंच. तरीही आज कित्येक जणी हे काम बाथरूममध्ये उभ्याने करतात. त्याच खोलीत बसून साहेबांनी जेवण करून दाखवावं, मग बोलू.

७. पैसे कुणी भरायचे

सव्वीस आठवड्यांची रजा जाहीर झाली तेव्हा टाळ्या वाजल्या. बिल मात्र मालकाच्या नावावर फाडलं गेलं. अंधेरीत बारा माणसांची कंपनी आहे, एकीचा पगार ६० हजार. सहा महिन्यांचे तिचे ३ लाख ६० हजार, आणि तिच्या जागी आणलेल्या माणसाचा पगार वेगळा. मोठ्या कंपनीला हे जाणवत नाही, छोट्याला जाणवतं. तो तोंडाने काही बोलत नाही. पुढच्या मुलाखतीला नुकतंच लग्न झालेली मुलगी आली की तिला ‘कळवतो’ म्हणतो. हे बेकायदा आहे आणि सिद्ध करणं जवळपास अशक्य आहे.

दुसरी रीत आपल्याकडेच आहे. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना राज्य कामगार विमा लागू होतो. मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. १८ हजार पगार असेल, तर मालकाचे ५८५ आणि तिचे १३५, मिळून महिना ७२० रुपये. ती बाळंत झाली की रजेतले पैसे विमा महामंडळ देतं, मालक नाही. मरोळ, कांदिवली, मुलुंडची कामगार रुग्णालयं याच योजनेची. चाळीतली भिशी चालते तशीच ही रीत. सगळे थोडं थोडं घालतात, ज्याची पाळी येते त्याला एकरकमी मिळतं आणि कुणा एकाचं कंबरडं मोडत नाही.

बाबासाहेबांचा १९२८ चा मुद्दा हाच होता. आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून खरं तर बराचसा भार सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केलं. पण सरकार तो उचलत नाही तोवर, बायकांच्या श्रमातून फायदा घेणाऱ्या मालकाने तो टाळू नये, असं ते म्हणाले. जवळपास शंभर वर्षांनी २१ हजारांच्या वर कमावणारी बाई त्या ‘तोवर’मध्येच आहे. आणि जिच्या नावावर कुठलीच आस्थापना नाही, ती आपल्याकडे धुणीभांडी करणारी बाई तर त्यातही नाही. ती स्वतःचं बाळ मोठ्या मुलीच्या ओटीत टाकून आपल्या घरचं बाळ सांभाळायला येते, आणि त्या मुलीची शाळा बुडते. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं आहे. उपनगरांतल्या वस्त्यांत ते झालं, तर पहिला फायदा या मुलींना होईल.

८. आणि बाबा?

आर्डर्न यांच्या फोटोत आणखी एक माणूस होता. त्या भाषणाला उठल्या तेव्हा मुलगी त्यांचे जोडीदार क्लार्क गेफर्ड यांच्या मांडीवर होती. तिला कामावर नेता आलं ते त्यांच्यामुळे.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. घरातल्यांची देखभाल करणाऱ्यांत बायकांची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवसांची रजा मिळते. खासगी नोकरीत कायद्याने एकही दिवस नाही. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, तीही मुख्यतः स्त्रियांना. पुरुषाला ती पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तरच. म्हणजे बाप बाळाकडे पाहील ते आई नसेल तेव्हा, हे सरकारी कागदावरच लिहिलेलं आहे. स्वीडनने १९७४ मध्येच मातृत्व रजेच्या जागी पालक रजा आणली. आज तिथे ४८० दिवस मिळतात आणि त्यातले ९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव असतात. बापाने घेतले नाहीत तर ते बुडतात. लालूच नाही, उपदेश नाही, नुसता ‘बुडतील’ हा धाक, आणि स्वीडिश बाप रजा घेतात.

आपल्याकडे कायदा येईतो एवढं तरी करता येईल. आई ज्या दिवशी रुजू होते, त्या दिवसापासून बापाने आपल्या साठवलेल्या रजेतले पंधरा दिवस टाकावेत. बाळंतपणाच्या वेळी घरात माणसांचा राबता असतो; खरी ओढाताण आई कामावर गेल्यावर सुरू होते.

शेवटी, रजेवर जाण्याआधी करायचं एक काम. पाळणाघर, चार भेटी, स्तनपानाच्या दोन सुट्ट्या, घरून कामाची सोय, यांतलं आपल्याला काय लागू आहे हे प्रत्येक स्त्रीला नेमणुकीच्या वेळीच लेखी आणि ई-मेलने कळवणं २०१७ च्या दुरुस्तीने मालकावर बंधनकारक केलं. तुमच्या नेमणूकपत्रासोबत असा कागद आला होता का, ते कपाटात शोधा. नसेल, तर सातव्या महिन्यात, अजून ऑफिसात जाताय तोवर, एचआरला मेल करून मागा आणि उत्तर जपून ठेवा.